प्रतिजैविकांच्या कारखान्याआधी खाडीच्या पाण्याची चाचणी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

औषधांचा मूळ कच्चा माल तयार करणारे कारखाने कोकणात यावेत की येऊ नयेत, या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचकांची पत्रे येत आहेत. विरोध करणाऱ्यांनी कोकणातील रासायनिक वसाहतींचा आजवरचा अनुभव सांगितला आहे आणि पाठिंबा देणाऱ्यांनी रोजगाराचा व देशाच्या स्वावलंबनाचा मुद्दा मांडला आहे. दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु या सर्व पत्रांत औषधांचे सगळेच कारखाने एका मापाने मोजले गेले आहेत. ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात अँटिबायोटिक म्हणतो ती प्रतिजैविके तयार करण्याची रीत इतर रासायनिक मालाहून मुळातच निराळी आहे, त्यामुळे त्यांचे फायदेही निराळे आहेत आणि धोकेही, ही गोष्ट कोणाच्याच पत्रात आलेली नाही. मी ३१ वर्षे राज्याबाहेरच्या एका प्रतिजैविक कारखान्यात किण्वन विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या माझ्या मूळ गावी राहतो आहे. दोन्हीकडचे जवळून पाहिलेले असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला कर्तव्य वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की हे कारखाने देशाला हवे आहेत, पण त्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात औषध किती उरले आहे हे मोजण्याची अट परवानगीच्या कागदावर आधी लिहिली गेल्याशिवाय, त्यातला एकही कारखाना कोकणातल्या कोणत्याही खाडीच्या वरच्या अंगाला उभा राहू नये.

किण्वन म्हणजे आंबवणे. आंबोळीचे पीठ रात्रभरात फुगून वर येते तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातही तेच चाललेले असते. मात्र पिठात डाळ-तांदळावरचे आणि हवेतले अनेक जातींचे सूक्ष्मजीव मिळून काम करतात, तर कारखान्याच्या फर्मेंटरमध्ये एकाच जातीच्या, किंबहुना तिच्यातल्याही एकाच निवडलेल्या वाणाच्या सूक्ष्मजीवाला थारा असतो; दुसरा एखादा आत शिरला तर सगळा घाणा वाया जातो. फर्मेंटर म्हणजे दोन-तीन मजले उंच, स्टेनलेस स्टीलचे, चारी बाजूंनी बंद असे पिंप, ज्यात लाखभर लिटर किंवा त्याहूनही जास्त द्रव मावतो. हे पिंप, त्याचे नळ, व्हॉल्व्ह आणि आतले खाद्य १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने आधी निर्जंतुक करावे लागते. शेतकरी जसा आधी तरवा तयार करतो आणि मग लावणी करतो, तसे गोठवून किंवा सुकवून ठेवलेल्या कुपीतले बीज प्रथम काचेच्या फ्लास्कमध्ये, तिथून लहान सीड टँकमध्ये आणि तिथून मोठ्या पिंपात असे पायरी-पायरीने वाढवत न्यावे लागते. खाद्य म्हणून साखर, सोयाबीनचे पीठ, मक्याचा स्टार्च काढताना उरणारे भिजवणीचे पाणी असे साधेच पदार्थ वापरले जातात.

या कामातली सगळ्यात मोठी मेख अशी आहे की सूक्ष्मजीव भरल्या पोटी औषध तयार करत नाही. साखर मुबलक मिळाली की तो स्वतःच वाढत राहतो, आणि ती तुटपुंजी मिळू लागली, वाढ मंदावली, की मग प्रतिजैविक बनवू लागतो. त्यामुळे साखर एकदम न ओतता तासातासाने मोजून सोडावी लागते. पेनिसिलीनच्या बुरशीला २५ अंशांच्या आसपासचे तापमान आणि साडेसहाच्या जवळपासचा पीएच लागतो, शिवाय पेनिसिलीन-जी हवे असेल तर फिनाइल अ‍ॅसिटिक आम्लही थोडे-थोडे पुरवावे लागते. पाण्यात प्राणवायू मुळातच फार कमी विरघळतो, एका लिटरमध्ये जेमतेम आठ मिलिग्रॅम, आणि दाट वाढलेली बुरशी तो मिनिटाभरात संपवते. म्हणून लाख लिटरच्या पिंपात दर मिनिटाला जवळजवळ तेवढेच लिटर निर्जंतुक हवा खालून सोडावी लागते आणि मोठ्या मोटारीवर चालणाऱ्या पंख्यांनी द्रव सतत घुसळत ठेवावा लागतो. घुसळण्याने आणि बुरशीच्या स्वतःच्या जीवनव्यवहाराने उष्णता निर्माण होते, ती थंड पाणी फिरवून काढून घ्यावी लागते. फेस वर चढला तर तो हवेच्या बाहेर जाणाऱ्या नळीतून निघतो आणि त्याच वाटेने बाहेरचे जंतू आत येण्याची भीती असते. एक बॅच सहा ते आठ दिवस चालते, आणि त्या सर्व दिवसांत, दिवाळी असो वा शिमगा, कोणीतरी माणूस रात्रभर तिच्याजवळ जागा असतो.

हे एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की अशा कारखान्याला काय लागते आणि त्यातून काय बाहेर पडते, याचा अंदाज वाचकांना यावा. त्याला अखंड वीज लागते, भरपूर स्वच्छ पाणी लागते, आणि हाताखाली शिकलेली माणसे लागतात. कोकणातल्या विज्ञान महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुला-मुलींना मुंबई-पुण्याची वाट धरावी लागू नये असे मलाही मनापासून वाटते.

या विद्येचा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लंडनमध्ये १९२८ साली पेनिसिलीनचा गुण दिसला, पण औषध म्हणून ते हाती यायला बारा-तेरा वर्षे गेली, कारण बुरशी उथळ भांड्यांत पृष्ठभागावर वाढवली तर एका लिटर रसात मिलिग्रॅमभर औषध मिळणेही मुश्कील होते. ऑक्सफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी रुग्णालयातली बेडपॅन वापरून बुरशी वाढवली होती. १९४१ च्या फेब्रुवारीत त्यांनी ज्या पोलिसावर पहिल्यांदा या औषधाने उपचार केले, त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्यापर्यंत वेळ आली. तो सुधारत होता, साठा संपला, आणि मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर अमेरिकेत पिओरिया येथील प्रयोगशाळेत मक्याच्या भिजवणीचे पाणी बुरशीला मानवते असे आढळले, बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अधिक उत्पन्न देणारी बुरशी सापडली, आणि १९४४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फायझर कंपनीने प्रत्येकी साडेसात हजार गॅलनच्या १४ पिंपांचा कारखाना सुरू केला. आज त्याच बुरशीच्या सुधारलेल्या वाणांकडून एका लिटरला ४० ते ५० ग्रॅम पेनिसिलीन मिळते. स्वातंत्र्यानंतर सातच वर्षांनी, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध तर तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून शोधले गेले, आणि त्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गुंफलेले आहे. महाराष्ट्राला हे काम नवे नाही.

नव्वदच्या दशकानंतर चीनमधून इतके स्वस्त पेनिसिलीन-जी येऊ लागले की देशातली पिंपे एकामागून एक थंड पडली. गोळ्या आणि कॅप्सूल आपण अजूनही जगाला पुरवतो, पण त्यांच्या पोटातला बराचसा मूळ पदार्थ बाहेरून येतो. आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालापैकी सुमारे दोन-तृतीयांश माल एकट्या चीनमधून येत असल्याचे सरकारी आकडेच सांगतात. करोनाच्या साथीत ही दोरी किती बारीक आहे ते दिसले. केंद्राने २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली आणि तीत किण्वनाने तयार होणाऱ्या पेनिसिलीन-जी, क्लॅव्हुलॅनिक आम्ल अशा पदार्थांना वेगळे स्थान दिले. आंध्रात काकीनाडाजवळ पेनिसिलीन-जी पुन्हा तयार होऊ लागले आहे. औषध उद्याने, म्हणजे औषधांचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्यांच्या वसाहती, उभारण्याच्या योजनेत महाराष्ट्राने रायगडमधील रोहे आणि मुरूड तालुक्यांतील जागा सुचवली होती. २०२२ मध्ये ती उद्याने हिमाचल, गुजरात आणि आंध्र यांना मिळाली, पण विषय आपल्याकडे संपलेला नाही, हे आपल्या दैनिकातील पत्रांवरूनच दिसते.

कोकणातल्या माणसाला या पिंपांशी काय देणे-घेणे, असे एका पत्रलेखकाने विचारले आहे. त्यांना मी विनयाने सांगू इच्छितो की भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असणाऱ्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून आरोग्य सेविका ज्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देते, त्या गोळ्यांचा मूळ पदार्थ ऑक्सिटेट्रासायक्लिन हा स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूने पिंपातच तयार केलेला असतो. मृगाच्या पहिल्या सरीला मातीचा जो वास सुटतो तोही याच कुळातल्या जिवाणूंचा. ज्या मातीत आपण राबतो तिच्यातच हे औषध करणारे जीव आहेत, ही गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षी कळली तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो आजही ओसरलेला नाही.

माझ्या पुतणीची गोष्टही इथे सांगायला हवी. लहानपणी घसा दुखून ताप आला, त्यातून सांधे सुजले आणि हृदयाच्या झडपेला इजा झाली. या आजाराला डॉक्टर ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. तो उलटू नये म्हणून तिला दर २१ दिवसांनी १२ लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि अजून बरीच वर्षे घ्यावे लागणार आहे. इंजेक्शन महाग नाही, म्हणूनच बहुधा ते तयार करण्यात कोणाला फारसा रस नाही. एका वर्षी श्रावणात तालुक्याच्या औषधाच्या दुकानात ते नव्हते, जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हते, आणि दुकानदार फक्त "वरूनच माल येत नाही" एवढेच सांगत होता. माझा भाऊ रात्रीच्या एसटीने मुंबईला गेला आणि चार कुप्या बर्फात घालून घेऊन आला. तोवर ठरलेल्या दिवसावर नऊ दिवस उलटून गेले होते. ते नऊ दिवस मुलीला साधी शिंक आली तरी माझ्या वहिनीचा जीव वर-खाली होत होता. ज्या औषधाची पिंपे मी माझ्या हाताने चालवली, त्याच जातीच्या औषधाच्या एका कुपीसाठी आमच्या घरातला माणूस अडीचशे किलोमीटर गेला, हे मी विसरू शकत नाही. म्हणून कारखाने नकोतच, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहू शकत नाही.

आता दुसरी बाजू, आणि तीही माझ्याच अनुभवातली. १९८४ च्या पावसाळ्यात आमच्या विभागात ऑक्सिटेट्रासायक्लिनची एक बॅच पाचव्या दिवशी बिघडली. रात्रपाळीला मी होतो. पहाटे तीनच्या सुमारास घुसळणाऱ्या मोटारीच्या अ‍ॅम्पिअरमीटरचा काटा हळूहळू खाली येताना दिसला. याचा अर्थ पिंपातला द्रव पातळ होत होता, कारण दाट द्रव घुसळायला मोटारीला जास्त जोर लागतो. नमुना काढला तर एरवी पिठल्यासारखा असणारा द्रव ताकासारखा वाहत होता. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंचे धागे तुटून विरघळलेले दिसले. जिवाणूंना खाणारा विषाणू, फाज, पिंपात शिरला होता. सकाळी वरिष्ठ आले, त्यांनी बॅच मारण्याचा हुकूम दिला, म्हणजे पिंपात वाफ सोडून अर्धा तास उकळवून सगळे जिवंत ते संपवायचे. ते मी केले. मग खालचा व्हॉल्व्ह उघडून ते सगळे पाणी गटारात आणि गटारातून कारखान्यामागच्या ओढ्यात सोडायचे होते. तेही मी केले. त्या काळी तसे करणे कोणाला गैर वाटत नसे, मलाही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या प्रयोगशाळेत सहज डोकावलो तेव्हा त्या उकळलेल्या द्रवाचा नमुना नेहमीच्या पद्धतीने लावलेला दिसला. ही पद्धत फार साधी आहे. काचेच्या थाळीत आगर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेला जेलीसारखा पदार्थ, ओतून त्यावर बॅसिलस जातीच्या निरुपद्रवी जिवाणूंचा थर वाढवायचा, त्या आगरात लहान वाट्यांसारख्या खळग्या पाडायच्या आणि त्यांत तपासायचा द्रव घालायचा. रात्रभरात थाळीभर जिवाणूंची धुरकट साय धरते. पण ज्या खळगीत प्रतिजैविक असेल तिच्याभोवती जिवाणू वाढत नाहीत आणि तिथे काचेसारखे स्वच्छ वर्तुळ राहते. वर्तुळ जितके मोठे, तितके औषध जास्त. आम्ही मालाची ताकद रोज याच वर्तुळाच्या रुंदीवरून मोजत असू. त्या दिवशी, मेलेल्या आणि ओढ्यात सोडलेल्या बॅचच्या खळगीभोवतीही वर्तुळ होते. आदल्या दिवशीच्या वर्तुळापेक्षा लहान, पण माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा रुंद. वाफेने जिवाणू मेले होते, औषध मेले नव्हते. ती थाळी मी बराच वेळ हातात धरून उभा होतो.

ज्या ओढ्यात, नदीत किंवा खाडीत असे पाणी जाते तिथले कमकुवत जिवाणू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात व वाढतात. इतकेच नव्हे, तर दाद न देण्याचा गुण जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूकडून तो रोग पसरवणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकतो. पेनिसिलीन अपुऱ्या प्रमाणात वापरले तर असे होईल हा इशारा स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला होता. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे, औषध कारखान्यांचे एकत्रित सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे स्वीडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये जगासमोर आणले. सिप्रोफ्लॉक्सासिन किण्वनाने नव्हे तर रासायनिक रीतीने बनते, हे खरे. पण जे पाणी शुद्ध झालेले म्हणून सोडले जात होते त्यात औषध होते, हा धडा दोन्हींना सारखाच लागू आहे.

किण्वनाच्या सांडपाण्याची अडचण अशी की ते दिसायला फारसे विषारी नसते. पिंपातला माल गाळून बुरशीचा चोथा वेगळा काढतात, द्रवातून औषध ओढून घेतात, आणि उरते ते साखर, प्रथिने, क्षार यांनी भरलेले मातकट पाणी. ते तसेच खाडीत गेले तर तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. हे मोजण्यासाठी बीओडी आणि सीओडी या चाचण्या आहेत, त्यांचे नियम आहेत, आणि कारखानदार ते आकडे दाखवतात. पण या दोन्ही चाचण्यांत औषध दिसत नाही. एका लाख लिटरच्या पिंपात ५० ग्रॅमच्या हिशेबाने ५ टन पेनिसिलीन असेल आणि त्यातले ५ टक्के जरी चोथ्यात व पाण्यात मागे राहिले, तरी एका बॅचला २५० किलो होते. शिवाय सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र हे स्वतःच जिवाणूंच्या जिवावर चालते. त्यात औषध मिसळलेले पाणी सोडले तर एक तर ते जिवाणू मरून केंद्र बंद पडते, किंवा औषधाला न जुमानणारे जिवाणू तिथेच पोसले जातात. म्हणून औषध कारखान्याच्या आतच, इतर पाण्यात मिसळण्यापूर्वी, निकामी केले पाहिजे. पेनिसिलीनच्या बाबतीत ते अवघड नाही, कारण चुना घालून पीएच वर नेला आणि पाणी तापवले की त्याचा रेणू तुटतो. टेट्रासायक्लिनचे तसे नाही. ते चिखलातल्या कॅल्शियम-लोहाला धरून बसते आणि दीर्घकाळ टिकते. तेव्हा कारखाना प्रतिजैविकाचा आहे एवढे सांगून भागत नाही, कोणत्या प्रतिजैविकाचा आहे हे जनसुनावणीत विचारले गेले पाहिजे.

पाणी शेवटी समुद्रात जाऊन विरते, असे एका पत्रात म्हटले आहे. ज्यांनी खाडी पाहिली आहे त्यांनी असे लिहू नये. खाडीचे पाणी ओहोटीला जाते आणि भरतीला परत येते. वरच्या अंगाला सोडलेले पाणी सहा तासांनी आमच्याच घाटाच्या पायऱ्यांना लागते. त्यातला गाळ खाजणात, कांदळवनाच्या मुळांत बसतो. त्याच गाळात आमच्या गावच्या बायका ओहोटीला तिसऱ्या आणि मुळे काढतात, खडकावरची कालवे फोडतात, आणि हे सगळे जीव पाणी गाळून जगणारे आहेत. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठते. दोन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर आमच्या खाडीत बोय आणि काळुंदर ही मासळी तडफडून वर आली, तीन दिवस काठावर वास होता, पाण्याचे नमुने नेले गेले आणि त्यांचा निकाल गावाला आजतागायत कळलेला नाही. आम्ही पाण्याचे काय तपासायला हवे हेही तेव्हा कोणाला सांगता आले नाही.

कोकणचा पाऊस हाही वेगळा विचार करायला लावणारा आहे. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे सांडपाण्याची उघडी तळी म्हणजे जुलैत ओसंडणारी तळी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले तेव्हा काय-काय वाहून गेले, ते आपण पाहिले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज गेली की पिंपातली हवा बंद होते, मिनिटाभरात प्राणवायू संपतो आणि बॅच मरते. मग लाखो लिटर औषधयुक्त द्रव एकाच दिवशी बाहेर काढावा लागतो. म्हणून मारलेल्या बॅचसाठी पिंपाएवढीच बंद, झाकलेली टाकी पूररेषेच्या वर असल्याशिवाय आराखडा मंजूर होऊ नये. बुरशीच्या चोथ्यात नत्र भरपूर असते, तो सेंद्रिय खत म्हणून बागायतदारांना स्वस्तात देण्याचा मोह होईल. औषध निकामी केल्याचा दाखला नसलेला चोथा आंब्याच्या आळ्यात टाकू नका, एवढे मी आत्ताच सांगून ठेवतो.

कायद्याने हे होईल अशी आशा एकदा निर्माण झाली होती. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती चालेल याच्या मर्यादा मसुद्यात जाहीर केल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी आणि घनकचऱ्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, पण ती कोणावर बंधनकारक नाहीत. देशाचा नियम होईपर्यंत थांबण्याची आपल्याला गरज नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याला जे संमतिपत्र देते, त्यातच ही अट घालता येईल, आणि जनसुनावणीला जाणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करून ती मागावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, कारखान्याच्या तोंडाशी आणि खाडीत ठरलेल्या तीन-चार ठिकाणी नमुने घ्यावेत, ते कारखान्याबाहेरच्या प्रयोगशाळेत तपासावेत, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

थाळीच्या चाचणीला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. पाण्यात फारच थोडे, लिटरला काही मायक्रोग्रॅम औषध असेल तर वर्तुळ उमटत नाही, आणि तेवढे थोडे औषधही निर्ढावलेले जिवाणू पोसायला पुरते. त्यासाठी महागडी यंत्रे लागतात आणि वर्षातून दोन-चारदा तरी तशी तपासणी शासनाच्या खर्चाने झाली पाहिजे. वर्तुळ नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असे कोणी म्हणू नये. पण वर्तुळ दिसले, तर मात्र त्यावर वाद घालायला जागा उरत नाही, आणि ते सातवीतल्या मुलालाही दिसते. कारखाना आपला माल ज्या थाळीवर मोजतो, त्याच थाळीवर त्याचे सांडपाणी मोजायला त्याची हरकत असण्याचे कारण नाही.

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, खेड येथील ज्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर ही थाळी कशी लावायची आणि वर्तुळ कसे मोजायचे ते विद्यार्थ्यांना दाखवायला मी केव्हाही यायला तयार आहे. त्याला आगर, ३७ अंशांची उबवण-पेटी, एक रात्र आणि मिलिमीटरची पट्टी लागते. कारखाना येण्यापूर्वीच खाडीचे पाणी एक वर्षभर असे तपासून ठेवले, तर नंतर तुलना करायला आपल्याजवळ आपले आकडे असतील. जूनमध्ये पाणी गढूळ होते, म्हणून सुरुवात मे महिन्यातल्या मोठ्या ओहोटीला करावी असे मी सुचवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त किण्वन तंत्रज्ञ
जि. रत्नागिरी